चार भाषा, वीस वर्षं

घरी तिला सगळे धाकटी म्हणायचे आणि दवाखान्यात सिस्टर. सगळे म्हणजे आता राहिलं होतं कोण, तर एक ताई. बाकीचे म्हणणारे केव्हाच गेले. चोपन्न वर्षांची झाली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बाई आपली धाकटीच. आपणही तिला धाकटीच म्हणू.

ऑपरेशन थिएटरमध्ये तिला सत्तावीस वर्षं झाली होती. उघडलेलं पोट बघून तिची पापणी कधी लवली नाही. रक्ताची भीती नाही, मेलेल्याची नाही, आणि मोठ्या डॉक्टरांच्या आरडाओरड्याची तर अजिबातच नाही. त्यांनी हात पुढे केला की मागायच्या आत हवं ते इन्स्ट्रुमेंट त्या हातात पडलेलं असायचं. पण हीच बाई घरी भाजी चिरताना तोंडातून नुसतं "ते हे... अगं, ते हे..." असं निघालं, की चळाचळा कापायची. सुरी खाली ठेवायची, ओट्यावर दोन्ही हात टेकायची आणि तो शब्द आठवेपर्यंत श्वास रोखून उभी राहायची. आठवला की हुश्श. नाही आठवला तर त्या दिवशी घास घशाखाली उतरायचा नाही.

कारण आईचं असंच सुरू झालं होतं. आई त्रेसष्टची. चहाचं भांडं एका हातात धरून म्हणाली, "ते भोकाभोकाचं दे गं." सगळे खो खो हसले, आईसुद्धा. चार वर्षांनी आई कुणालाच ओळखत नव्हती.

मग पाळी आली ताईची. ताई शिवणाचे क्लास घ्यायची. तिच्याकडून कटिंग शिकून गेलेल्या बायकांनी स्वतःची दुकानं थाटली होती, एवढं तिचं नाव. एक दिवस पंधरा जणींसमोर ताईनं हात पुढे केला आणि म्हणाली, "ते द्या बरं, ज्यानं कापतात ते." अहो, तीस वर्षं रोज कात्री हातात धरलेली बाई! बायकांना वाटलं, ताई गंमत करतायत. धाकटी नेमकी त्या वेळी दारात उभी होती, युनिफॉर्मची बाही उसवली म्हणून आली होती. ती हसली नाही. तिच्या पोटात गोळा आला, आणि तो आला तो तिथंच मुक्काम करून राहिला. ताई तेव्हा एकसष्टची होती.

ताईचे यजमान आधीच गेलेले, मूलबाळ नाही. धाकटीनं लग्नच केलं नव्हतं. तिनं ताईला आपल्या घरी आणलं, आणि दिवसा तिच्यापाशी बसायला एक मावशी ठेवल्या. मावशी कामाला चोख आणि तोंडाला फटकळ. त्या धाकटीला बाई म्हणायच्या आणि ताईला मोठ्या बाई. म्हणजे बघा, ताईचं सगळं नीट लागलं होतं. औषधं वेळेवर, जेवण वेळेवर, अंगावर कपडे धुतलेले. धाकटीनं बहिणीला काही कमी पडू दिलं नाही, असंच कुणीही म्हटलं असतं.

आता भाषांचं खूळ कुठून शिरलं, ते ऐका. पेशंट झोपला की भूलवाल्या डॉक्टरांना बोलायचा जोर चढायचा. एक दिवस पित्ताशयाचं ऑपरेशन चालू असताना ते म्हणाले, "कुठंतरी वाचलं बुवा, नवीन भाषा शिकणाऱ्याला हा विसरण्याचा आजार म्हणे पाच वर्षं उशिरा होतो." मोठे डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, धागा." विषय संपला.

धाकटीनं धागा दिला आणि तिथल्या तिथं मनात हिशेब मांडला. एका भाषेला पाच वर्षं. दोन भाषांना दहा. चार भाषांना वीस. आईला त्रेसष्टला, ताईला एकसष्टला, म्हणजे आपला नंबर साठीला धरायचा. त्यात वीस मिळवले की ऐंशी. ऐंशीनंतर काय व्हायचं ते होवो. तुम्ही म्हणाल, एवढी शिकलेली नर्स, असला कसला हिशेब करते? अहो, जीव घाबरला की माणूस असलेच हिशेब करतो. डॉक्टरांच्या बोलण्यात एक 'बुवा' होता आणि एक 'म्हणे' होतं. ते दोन्ही तिच्या कानाला लागलेच नाहीत.

एक झाली की दुसरी, असं करायला तिच्याकडे वेळ कुठं होता? साठी आठ वर्षांवर आली होती. म्हणून चारही एकदम. स्पॅनिश, रशियन, जपानी आणि जर्मन. याच का? तर वाचनालयाच्या फळीवर याच चार भाषांची पुस्तकं धड अवस्थेत होती, बाकीच्यांची पानं गळाली होती.

आणि पद्धत मात्र तिनं थिएटरची लावली. थिएटरमध्ये जिथली वस्तू तिथंच लागते, तसं घरात जिथली भाषा तिथंच. स्वयंपाकघर स्पॅनिशचं. झोपायची खोली जपानीची. न्हाणीघरात जर्मन. बाल्कनी आणि जिना रशियनला दिला. उंबरठा ओलांडला की मनातली भाषा बदलायची, असा कडक नियम. स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूवर पिवळी चिठ्ठी, खोलीत गुलाबी, न्हाणीघरात निळी, बाल्कनीत हिरवी. चिठ्ठ्या त्या त्या लिपीतच लिहायच्या, कारण लिपीनं डोक्याला जास्त व्यायाम होतो, हाही तिचाच शोध. ज्या वस्तू घरभर फिरतात त्यांचं काय? खुर्ची, टॉवेल, पाण्याचा जग. त्यांना चारी रंगांच्या चार-चार चिठ्ठ्या. जगावर आग्वा, वदा, मिझु आणि वासर. पाणी एकच, पण नावं चार, आणि प्रत्येक नावामागे पाच वर्षं.

दोन वर्षांत अशा तीनशे चाळीस चिठ्ठ्या झाल्या. भिंत दिसेना, कपाट दिसेना, आरशात तोंड बघायला तेवढी जागा उरली होती.

सकाळी बसमध्ये ती परीक्षा घ्यायची, आपली आपणच. पन्नास शब्द. चाळीसच्या खाली आले तर दिवसभर हातपाय गार. पंचेचाळीस आले तर दुपारपर्यंत जरा बरं वाटायचं, आणि मग पुन्हा सुरू, की अरे, ते पाच का गेले? कुठं गेले? कालपर्यंत तर होते. आनंद असा तिला त्या भाषांचा एक दिवसही झाला नाही. लोक भाषा शिकतात परदेशी जायला, गाणी समजायला, झालंच तर चार लोकांत मिरवायला. हिला त्यातलं काही नको होतं. पाठीमागे कुत्रं लागल्यावर माणूस पळतो, तशी ती शिकत होती.

दवाखान्यात कुणाला पत्ता लागू दिला नाही. मेंदूच्या डॉक्टरीणबाई त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसायच्या. रोज लिफ्टमध्ये भेटायच्या, "काय सिस्टर, बरं ना?" विचारायच्या. धाकटी "मजेत" म्हणायची आणि दुसऱ्या मजल्यावरच उतरायची. तपासणी करून घ्यायची तिची छाती नव्हती. कागदावर लिहून मिळालं असतं तर मग संपलंच.

संध्याकाळी घरी आली की कानात हेडफोन. ताई दारात येऊन उभी राहायची. पदराशी चाळा करायची.

"अगं, ऐक ना."

"हं, पाच मिनिटं, ताई."

"तुला एक विचारायचं होतं."

"एवढा धडा होऊ दे."

ताई थोडा वेळ थांबायची, मग आपल्या पलंगावर जाऊन बसायची. धडा संपला की दुसरा धडा, आणि तो संपेपर्यंत ताईची जेवायची वेळ. धाकटीला वाटायचं, काय विचारणार, चष्मा कुठंय विचारणार. आणि खरं सांगायचं, तर ताईसमोर बसायची तिला धास्ती वाटायची. ताई एखाद्या शब्दाशी अडखळली की हिच्या काळजात लक्क व्हायचं. बहिणीच्या तोंडाकडे बघितलं की पुढची सहा वर्षं दिसायची. म्हणून ती बघायचीच नाही.

मावशींनी एकदोनदा तोंड उघडलं होतं. "बाई, ह्या चिठ्ठ्या जरा कमी करा. मोठ्या बाई हल्ली स्वयंपाकघरात पाय टाकायला घाबरतात."

"त्यांच्यासाठी नाहीत त्या, मावशी. माझ्यासाठी आहेत."

"ते मला कळतं हो. त्यांना कोण सांगणार?"

धाकटीनं विषय झटकून टाकला. तिला वाटलं, मावशींना झाडू मारताना अडचण होत असेल, म्हणून ताईचं नाव पुढे करतायत.

पुढे व्हायचं तेच झालं. शब्द एकमेकांत शिरायला लागले. एक दिवस ताटात आमटी वाढताना तिला 'चमचा' आठवेना. जपानी आठवला, जर्मन आठवला, आपला आठवेना. दुसऱ्या दिवशी लिफ्टमनला 'चौथा' म्हणायला गेली आणि तोंडातून रशियन आकडा बाहेर पडला. आता हे भाषांमुळे होतंय, की भाषा ज्याच्यासाठी शिकतोय तेच सुरू झालंय? औषधानं उलटी होतेय की रोगानं, तेच कळेना. सांगणार कुणाला? तिनं उपाय काय केला असेल? चिठ्ठ्या वाढवल्या. पन्नासाच्या जागी रोज सत्तर शब्द.

आणि मग तो मंगळवार आला.

पोटाचं मोठं ऑपरेशन होतं. पोट शिवायच्या आधी आत घातलेले मॉप, म्हणजे रक्त टिपायचे जाड कापडी तुकडे, एकूण एक मोजून घ्यावे लागतात. दोघींनी मोजायचे, मोठ्यानं मोजायचे, आणि फळ्यावरच्या आकड्याशी जुळले तरच टाके घालायचे. एखादा आत राहिला तर माणूस जिवाला मुकतो. धाकटीनं हे सत्तावीस वर्षांत हजारो वेळा केलं होतं. समोर नवी सिस्टर उभी होती, तिला सहा महिनेच झाले होते. फळ्यावर दहा लिहिलेले. धाकटी एकेक मॉप उचलून मोजू लागली.

"एक, दोन, तीन, चार, पाच, सहा, सिएते, ओचो, नॉइन."

नवी सिस्टर खुदकन हसली. धाकटीला कळेना, हसायला काय झालं. तिनं मान वर केली, तर मास्कच्या वर चार जणांचे डोळे तिच्याकडे लागलेले.

"सिस्टर," मोठे डॉक्टर म्हणाले, "हे काय मोजताय?"

"नऊ, सर. एक कमी आहे."

"आधी कोणत्या भाषेत मोजलंत?"

तिला माहीतच नव्हतं. स्वतःच्या तोंडातून काय गेलं ते तिला ऐकू आलं नव्हतं. सगळ्यांनी ऐकलं, फक्त तिनं नाही. आई गाळणीबद्दल बोलली तेव्हा आईलाही कळलं नव्हतं, हे तिला त्या क्षणी आठवलं.

"पुन्हा मोजा," डॉक्टर म्हणाले. "आपल्या भाषेत."

पुन्हा मोजले. नऊ. तिसऱ्यांदा नव्या सिस्टरनं मोजले. नऊच. पोट उघडं, घड्याळ चालू, भूलवाले डॉक्टर पहिल्यांदाच गप्प. बादली उपडी केली, कचऱ्याची पिशवी पसरली. डॉक्टरांनी पोटात पुन्हा हात घातला, आतडी वर-खाली केली, काही नाही. धाकटी भिंतीला टेकून उभी होती. तिला खात्रीच पटली होती की दहावा मॉप तिनं दिलाच नव्हता, पहिल्यांदा मोजतानाच ती चुकली होती, आणि आता या झोपलेल्या माणसाचं पोट तिच्यापायी विनाकारण उघडं पडलं होतं. एकाएकी नवी सिस्टर ओरडली, "सापडला!" पेशंटच्या कुशीखाली, हिरव्या चादरीच्या घडीत दहावा मॉप दबून बसला होता.

म्हणजे बघा, धाकटीची मोजणी पहिल्यापासून बरोबर होती. दहाच दिले होते आणि नऊच परत आले होते. तीन भाषांत मोजले, पण बरोबर मोजले. मोठ्या डॉक्टरांनी बाहेर आल्यावर तिला तेच सांगितलं. पण घाबरलेल्या माणसाला चांगलं ऐकूच येत नाही. तिनं फक्त पुढचं ऐकलं.

"सुट्टी घ्या, सिस्टर. आणि तिसऱ्या मजल्यावर दाखवून घ्या. चिठ्ठी लिहून देतो. रिपोर्ट आल्याशिवाय थिएटरमध्ये येऊ नका."

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा धाकटी भर दुपारी घरी निघाली. बसमध्ये परीक्षा घेतली नाही. खिडकीबाहेरच्या दुकानांच्या पाट्या ती एकेक करून वाचत होती, आपल्याच भाषेतल्या, आणि प्रत्येक पाटी वाचता आली की मनात म्हणत होती, ही आली, ही पण आली.

घराचा जिना चढताना पहिल्या वळणावर पायरीवर कुणीतरी बसलेलं दिसलं. ताई. मांडीवर पर्स, अंगावर शाल, चपला उलट्या पायांत. मावशी न्हाणीघरात कपडे धूत होत्या, नळाच्या आवाजात त्यांना दार उघडल्याचं कळलं नव्हतं. ताईनं धाकटीकडे बघितलं आणि अंग चोरून जायला वाट दिली.

"ताई! इथं काय करतेस?"

"अहो, जरा ऐकता का?" ताई हलक्या आवाजात म्हणाली. ओठ सुकून पांढरे पडले होते. "मला चुकून दुसऱ्यांच्या घरात ठेवलंय. मला माझं घर दाखवता?"

"हेच तुझं घर, ताई. वर चल."

"नाही हो. आमच्या घरात असं नाही. तिथं सगळ्या वस्तूंवर त्यांचं लिहून ठेवलंय. कपाटावर, दारावर, पलंगावर. काही म्हणजे काही मोकळं नाही." तिनं इकडंतिकडं बघितलं. "मी कशालाच हात लावला नाही. पाणीसुद्धा प्यायले नाही. पाण्यावर पण त्यांचं नाव आहे. ते लोक आले तर काय म्हणतील?"

धाकटी तिथंच पायरीवर बसली.

"तुम्ही घाबरू नका," ताई तिला म्हणाली. "माझी धाकटी बहीण येणार आहे मला न्यायला. ती दवाखान्यात असते. मोठी हुशार आहे. ती आली की मग काही भीती नाही."

ताईला तशीच जिन्यावर बसवून धाकटी धावत वर गेली. मावशी साबणाच्या हातांनी बाहेर आल्या, तर बाई हाताला लागेल ती चिठ्ठी ओरबाडतायत. "मावशी, काढा. सगळ्या काढा. आधी जगावरच्या काढा." दोघींनी मिळून घर सोलून काढलं. काही चिठ्ठ्या निघेनात, त्या नखांनी खरवडल्या. कपाटाचा रंग गेला, आरशावर डिंक राहिला. पाऊण तासात चारी भाषांचं गाठोडं कचऱ्याच्या डब्यात गेलं. मग धाकटीनं ताईला हाताला धरून वर आणलं. ताईनं उंबरठ्यावर थांबून आत डोकावून बघितलं, चारी बाजूंनी नीट बघितलं, आणि मग आत आली. जग उचलला आणि उभ्या उभ्या तीन ग्लास पाणी प्यायली. सकाळपासून ती तहानलेली होती. त्याच दिवशी का आणखी किती दिवस, ते मावशींनाही सांगता येईना. मावशी जबरदस्तीनं पाजायच्या तेवढंच पोटात जात असावं. धाकटीला स्वतःची इतकी लाज वाटली, की ती मावशींकडे बघू शकली नाही.

तिसऱ्या मजल्यावरच्या डॉक्टरीणबाईंची तारीख तीन आठवड्यांनी मिळाली. ते तीन आठवडे धाकटी घरीच होती. हेडफोन खणात टाकले होते. ती ताईसमोर खुर्ची ओढून बसायची आणि म्हणायची, "बोल, ताई. काय विचारायचं होतं तुला?" ताई हसायची. कधी शालीची किनार बोटांनी मोजायची, शिवणवाल्यांची सवय ती. कधी म्हणायची, "चहा झाला?" त्यापुढे गाडी जायचीच नाही. जिन्यावर बोलली तेवढं सलग बोलणं पुन्हा झालंच नाही. उतरण आधीपासूनच लागली होती, मावशी ती रोज बघत होत्या. धाकटीला कळायला ती घरी असायला हवी होती ना! घरी होती, पण स्पॅनिशमध्ये होती, जपानीत होती. आणि "अहो" मात्र कायम राहिलं. ताई तिच्याशी अदबीनं वागायची, पाहुण्यांशी वागतात तशी.

तपासणीच्या दिवशी नाव लिहितानाच धाकटीच्या हातातलं पेन घसरलं. आत टेबलापाशी डॉक्टरीणबाईंनी चित्रं दाखवली. छत्री. घोडा. कुलूप. प्रत्येक चित्रापाशी तिला वाटायचं, हा येणार नाही, हाच तो. पण येत गेले. घड्याळ काढायला सांगितलं, काढलं. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, केले. सुरुवातीला पाच शब्द सांगून ठेवले होते, ते शेवटी विचारले. चार पटापट आले. पाचवा येईना.

खोलीत पंख्याचा आवाज येत होता. धाकटीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. संपलं, ती मनात म्हणाली. आई, संपलं बघ.

"नाही आठवला तरी चालतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"बादली," धाकटी म्हणाली, आणि तिला रडू फुटलं.

मग तिनं सगळं ओकून टाकलं. आईचं, ताईचं, 'बुवा'वालं वाक्य, पाच गुणिले चार, चिठ्ठ्या, मॉप, जिना. डॉक्टरीणबाईंनी मधे एकदाही तोडलं नाही.

"असं गुणता येत नाही हो, सिस्टर," त्या शेवटी म्हणाल्या. "चार भाषा एकदम डोक्यात घातल्या, वर दोन वर्षं धड झोप नाही, आणि शब्द एकमेकांत गेले म्हणून घाबरताय? नसते गेले तर मला काळजी वाटली असती. तुमचं डोकं ठणठणीत आहे."

"म्हणजे मला होणार नाही?"

"ते मी कशी सांगू? वर्षातून एकदा येऊन दाखवून जा. पण आज काहीही नाही. जा, कामावर रुजू व्हा."

आज काहीही नाही. धाकटीनं ते वाक्य त्यांच्याकडून कागदावर लिहून घेतलं. बसची वाट न बघता चालतच निघाली. कित्येक वर्षांनी पहिल्यांदा तिच्या पोटातला गोळा जागेवर नव्हता, तर तिला चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढली. गुडघे ओरडत होते, ओरडू देत.

दार मावशींनी उघडलं.

"मावशी, मला नाहीये! तपासलं. काही नाही मला!"

मावशी मटकन खुर्चीत बसल्या. डोळ्यांना पदर लावला. "देव पावला, बाई. मोठ्या बाईंच्या जिवाला तोच घोर होता."

"कसला घोर?"

"अहो, हाच! तुमचाच. 'आईचं माझ्याकडं आलं, मावशी, आता धाकटीकडं तर जाणार नाही ना?' असं रोज विचारायच्या मला. मी काय सांगणार? मी म्हणायचे, बाईंनाच विचारा की. तर संध्याकाळी तुमच्या दाराशी यायच्या विचारायला. तुमचं आपलं ते कानातलं चालू असायचं." मावशींनी नाक पुसलं. "तोंडातून शब्द जायला लागले तरी हे एक धरून ठेवलं होतं बघा त्यांनी. दिवाळखोर झालेला माणूस शेवटचा दागिना धरतो तसं. दोन महिन्यांमागे तेही सुटलं."

"मला कधी बोलला नाहीत तुम्ही!"

"मी कशी बोलणार हो? तुम्हाला होणार का, असं तुमच्या तोंडावर विचारू?"

धाकटी खोलीत गेली. ताई पलंगाच्या कडेवर बसली होती. शाल मांडीवर, किनार बोटांत. धाकटी तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि तिचे दोन्ही हात हातांत घेतले. ते हात मऊ आणि गार होते.

"ताई, मला नाहीये गं. डॉक्टरांनी सांगितलं. आईचं मला आलेलं नाही. ऐकतेस ना? मला काही झालेलं नाही."

ताईनं तिच्या तोंडाकडे लक्ष देऊन बघितलं. हिला काहीतरी चांगलं सांगायचंय, एवढं तिला कळलं असावं, कारण ती मनापासून हसली. धाकटीच्या गालावरचं पाणी तिनं शालीच्या टोकानं पुसलं.

"बरं झालं हो," ताई म्हणाली. मग जराशी थांबली, शब्द शोधत राहिली, आणि ते सापडले. "घरी कळवलंत का? घरी वाट बघत असतील."

"नाही," धाकटी म्हणाली. "अजून नाही कळवलं."

"मग जा," ताई म्हणाली, आणि तिचा हात सोडून दिला. "आधी घरी जा. काळजी करतात हो."